चर्चचा निधी: कमिटीवर नव्याने आलेल्यांसाठी नियमावली

प्रत्येक मंडळीत एक निवृत्त इंजिनिअर असतो. तुमच्या मंडळीत नसेल तर निधीची मोहीम हाती घेऊ नये. पाटबंधारे खात्यातून किंवा पीडब्ल्यूडीतून कोणी निवृत्त होईपर्यंत थांबावं. हे गृहस्थ बांधकाम उपसमितीचे अध्यक्ष असतात. उपसमिती कधी नेमली ते कोणाला आठवत नाही, पण अध्यक्ष तेच याबद्दल दुमत नसतं. आमच्या नगर भागात, जिथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली आलं आणि चर्चं, शाळा, दवाखाने मागे ठेवून गेलं, तिथे अशा माणसाला कामाची ददात नाही. जुनं छप्पर कुठे ना कुठे गळतंच. शिवाय "मिशन असतं तर ही वेळ आली नसती" असं म्हणणारे वडीलधारे प्रत्येक बाकावर एक या प्रमाणात बसलेले असतात. मिशन नाही. म्हणून ही नियमावली.

नियम १. उद्दिष्ट एका वाक्यात ठरवावं. "मंडळीची वाढ आणि समाजसेवा" हे ते वाक्य. ते इतिवृत्तात घ्यावं, पाळकसाहेबांनी प्रार्थना करावी, चहा यावा. चहानंतर इंजिनिअरसाहेब पिशवीतून नकाशा काढतात. नकाशात कंपाउंडची भिंत असते, गेट असतं, गेटवर कमान असते आणि गेटपासून पायरीपर्यंत पेव्हर ब्लॉक असतात. "लोक वाढायचे म्हणजे येणार कुठून? गेटमधूनच ना?" या युक्तिवादाला आजवर कोणाला उत्तर सुचलेलं नाही. मग वाढ म्हणजे चौरस फुटांची वाढ असा अर्थ सर्वानुमते मंजूर होतो. समाजसेवा विषयपत्रिकेवर सातवी असते, आणि सातव्या विषयाच्या आधी कोणाला तरी एसटी गाठायची असते.

नियम २. अंदाजपत्रक करावं. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे खुद्द येशूने सांगितलं आहे. लूकच्या चौदाव्या अध्यायात पाहावं. कमिटी बसते. हिशेब मात्र भागाकाराने होतो. समजा पंधरा लाख हवेत आणि अडीचशे घरं आहेत, तर प्रत्येकी सहा हजार, झालं काम! हा भागाकार बरोबर आहे आणि मोहीम त्यानेच बुडते. सहा हजाराचा आकडा ऐकून ज्याला पाचशे जमणार होते तो लाजेने येत नाही, आणि ज्याला एक लाख जमले असते तो सहा हजार देऊन मोकळा होतो, वर आपण आपला वाटा दिला म्हणून समाधानाने झोपतो. मोठ्या रकमा देऊ शकणारी दहा-बारा घरं आधी ओळखावी. त्यांच्याकडे पाळकसाहेब आणि आणखी एकाने प्रत्यक्ष जावं, चहा प्यावा, आकडा स्पष्ट सांगावा आणि मग गप्प बसावं. गप्प बसणं सर्वांत अवघड. सोबत इंजिनिअरसाहेबांना नेऊ नये. ते त्या घराच्या स्लॅबची ओल बघायला गच्चीवर जातात.

नियम ३. आधी कमिटीने द्यावं. दावीद राजाने मंदिरासाठी लोकांपुढे हात पसरण्याआधी स्वतःचं सोनं-रुपं काढून ठेवलं, मग सरदारांनी दिलं, मग लोकांनी. पहिल्या इतिहासाच्या एकोणतिसाव्या अध्यायात हा क्रम लिहिलेला आहे. आमच्याकडे क्रम उलटा आहे. कमिटी आवाहन करते, लोक देतात, आणि कमिटीचे सभासद "आम्ही वेळ देतो ना" असं म्हणतात.

नियम ४. पेटी. दानपेटीचा शोध नामुष्कीतून लागला, हे प्रत्येक खजिनदाराला पाठ असावं. योआश राजाच्या काळात मंदिराच्या दुरुस्तीसाठी याजकांकडे पैसा जमत होता, पण राज्याचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी डागडुजी झाली नव्हती. राजाने जाब विचारला. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीच्या उजव्या बाजूला ठेवली. पैसे साचले की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजत. दोघं! तेव्हापासून आजपर्यंत निधीच्या हिशेबात याहून शहाणपणाची सूचना कोणी केलेली नाही. मोजायला दोन माणसं, तीही एका घरातली नकोत. त्याच दिवशी कागदावर दोघांच्या सह्या. आणि सोमवारी बँक. पेटी घरी नेऊन "निवांत मोजतो" म्हणणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नसते, पण त्याच्या घरच्यांना तरी असा त्रास का द्यावा?

पेटीसमोर बसून कोण किती टाकतो हे पाहण्याची मुभा एकट्या येशूला होती. त्याने विधवेच्या दोन दमड्या पाहिल्या. खजिनदाराने पाहू नये.

मंडळीत कवी असेल तर त्याला आवाहनपत्र लिहायला द्यावं, पेटीची किल्ली देऊ नये. रेव्हरंड टिळकांच्या हातात पैसा कसा टिकत नसे हे लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये हसत हसत सांगून ठेवलं आहे. किल्ली लक्ष्मीबाईंकडे द्यावी.

नियम ५. कागद. इथे वाचकाला डुलकी येते, म्हणून थोडक्यात. पावती पुस्तकाला छापील क्रमांक असावेत. क्यूआर कोड न्यासाच्या खात्याचा असावा. सेक्रेटरींच्या मुलाचा "तात्पुरता" चालणार नाही. प्रार्थनास्थळाच्या देणगीवर आयकरात सहसा सवलत मिळत नाही, तेव्हा पावतीवर ८०-जी उगाच छापू नये. शेजारच्या संस्थेच्या पावतीवर आहे म्हणून आपल्यावर येत नाही. आणि मोहीम सुरू करण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी आपले विश्वस्त कोण आहेत ते एकदा पाहून यावं. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो दिलेला नसतो, किंवा दिलेला असतो आणि पडून असतो. परिणामी कागदोपत्री मंडळीचा कारभार जे चालवतात, त्यांतले निम्मे कबरस्थानात असतात आणि उरलेले पुण्याला मुलाकडे.

नियम ६. परदेशी पैसा. "आपला अमक्याचा मुलगा ह्यूस्टनला आहे" हे वाक्य उच्चारलं गेलं की कमिटीच्या चेहऱ्यावर १८३१ सालचं तेज येतं. अशा वेळी मुलाचा पगार विचारण्याआधी पासपोर्ट विचारावा. तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत पाठवत असेल, तर तो परदेशी निधी धरला जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो इथे ओसीआय कार्ड दाखवो की आजीची शपथ घेवो, कायद्याच्या दृष्टीने तो परदेशी. मग एफसीआरएची नोंदणी हवी, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी उतरला पाहिजे. एवढं ऐकल्यावर कमिटी हार्वेस्टच्या लिलावाकडे वळते.

नियम ७. लिलाव. हा या नियमावलीचा गाभा आहे. हंगामाच्या सणाला, ज्याला आपल्यात सगळे हार्वेस्टच म्हणतात, लोक शेतातलं आणि घरातलं अर्पण आणतात: ज्वारीची कणसं, ऊस, भोपळा, पपई, अंडी, केक, पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर मांडवात लिलाव पुकारला जातो. पुकारणारा निवृत्त प्राथमिक शिक्षक असावा, त्याला माइक लागत नाही. पहिली वस्तू स्वस्तात सोडावी म्हणजे लोकांना हुरूप येतो. नारळ मधोमध काढावा. नारळ घेणाऱ्याने तो परत द्यायचा आणि पुन्हा लिलाव व्हायचा ही रीत असल्यामुळे एका नारळाने सतरंज्या आणल्याची उदाहरणं आहेत. मंडळीतले दोन साडू एकमेकांपासून लांब, पण एकमेकांना नीट दिसतील असे बसवावेत. भोपळा त्यांच्यासाठी राखून ठेवावा. दोघांच्या बायका बहिणी असल्यामुळे भोपळ्याची भाजी शेवटी दोन्ही घरी पोचते, म्हणून मनात अपराधी वाटून घेऊ नये.

वसुली तिथल्या तिथे करावी. कोंबडी उधारीवर गेली तर तिचा रस्सा झाल्यावर पैसे येत नाहीत. देणगीचं वचन कार्डावर लिहून घेतलं असेल तरीही पाठपुरावा लागतोच. हनन्या आणि सप्पीरा जागच्या जागी कोसळले, तशी सोय आता राहिलेली नाही.

अंडी आणणाऱ्या म्हातारीची अंडी मात्र नेहमी शेवटी काढावी, सगळे थकलेले असताना. का ते सांगत नाही. कोण घेतं आणि किती चढवून घेतं ते पाहावं. आमच्याकडे ती अंडी दरवर्षी एकच माणूस घेतो, आणि त्याच्या घरी अंडी कोणी खात नाही. पिशवीत नकाशावर ठेवून नेतो आणि वाटेत म्हातारीच्याच ओट्यावर ठेवतो.

नियम ८. हौजी खेळू नये, तो जुगार आहे.

नियम ९. तरुण संघाने हौजीची तिकिटं आधीच छापली असतील तर खेळावी.

नियम १०. नावं लावण्याबाबत. पंखा दिला की पात्यावर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" हे येणारच. हे नाव फक्त लोडशेडिंगमध्ये वाचता येतं, हा त्यातला नम्रतेचा भाग. संगमरवरी फलकावर रकमेसह नावं कोरायची असतील तर नहेम्याचा तिसरा अध्याय वाचून दाखवावा. यरुशलेमेच्या तटाचा कोणता भाग कोणी बांधला याची ती यादी आहे; एकाने आपल्या मुलींसह काम केलं, तेही त्यात आहे. पण तकोवाच्या सरदारांनी कामाला खांदा दिला नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे आणि ते अजून छापलं जातं. अशा फलकाला कमिटीची मंजुरी मिळत नाही. तो तट बावन्न दिवसांत उभा राहिला होता. आमच्या भिंतीचा विषय काढला की इंजिनिअरसाहेब वाळूचे भाव सांगतात.

नियम ११. सातवा विषय. तो बैठकीत येत नसल्यामुळे त्याची अंमलबजावणी महिला मंडळ करतं. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१० पासून रोजच्या भातातला मूठभर तांदूळ बाजूला काढून मंडळीचं केवढं काम उभं केलं, हे कोणीतरी सभेत सांगितलं होतं. पुरुषांनी मान डोलावली. आमच्या बायकांनी डबे आणले. दिवाळीनंतर बीडकडून आणि पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याजवळ कोप्या पडतात आणि पोरांची शाळा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, बुडते. त्या पोरांना संध्याकाळी खिचडी आणि उजळणी, एवढाच कार्यक्रम. इथे काही गोष्टी खरोखर पाळाव्यात. आधी मुकादम, सरपंच आणि जवळच्या शाळेचे हेडमास्तर यांना भेटावं. वह्यांवर वचनं छापू नयेत. खिचडीला कसलीही अट नको, नावं विचारायची ती हजेरीपुरती. फोटो काढणाऱ्याला भांडी घासायला लावावं. आणि पैसे एका मोसमापुरते नव्हे, तीन मोसमांचे हातात घेऊन सुरुवात करावी, कारण दुसऱ्या वर्षी तीच पोरं "बाई आल्या नाहीत का?" म्हणून विचारतात.

इंजिनिअरसाहेब तिथे पाहणीसाठी गेले. पोरं ओल्या चिखलात बसली होती. साहेबांनी व्यवस्थापनावर पंधरा मिनिटं टीका केली आणि पुढच्या शनिवारी गेटपासून उरलेले पेव्हर ब्लॉक टेम्पोत घालून पत्र्याच्या शेडखाली स्वतः बसवले. उतार पाणी निघून जाईल असा काढला होता. बिल दिलं नाही. इतिवृत्तात त्याची नोंद "शिल्लक साहित्याची विल्हेवाट" अशी आहे.

नियम १२. निधी जास्त जमल्यास. निवासमंडपाच्या वेळी लोकांनी इतकं आणलं की मोशेला छावणीत दवंडी पिटवावी लागली, आता पुरे, आणू नका. निर्गमाच्या छत्तिसाव्या अध्यायात हे आहे, आणि निधीच्या सगळ्या इतिहासात अशी दवंडी मला दुसरी सापडलेली नाही. तुमच्या मंडळीवर हा प्रसंग आलाच, तर रक्कम ताबडतोब खिचडीच्या खात्यात वळवावी, ठराव करून सह्या घ्याव्यात, आणि ही सगळी कारवाई इंजिनिअरसाहेब नातीच्या बारशाला गेलेले असताना उरकावी. त्यांच्याकडे घड्याळाच्या मनोऱ्याचा नकाशा तयार आहे.