पिळलेल्या फ्लॉवरची कैफियत

आंबेमोहोरासाठी नावाजलेल्या मुळशी तालुक्यात, पिरंगुटला राहून आमच्या घरी भात बंद आहे. रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट आला आणि दीक्षितांचा डाएट सुरू झाला. दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांत. त्यावर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 'पिझ्झासुद्धा खाता येतो की, फक्त बेस फ्लॉवरचा करायचा' असं सांगणाऱ्यांबद्दल.

हिशेब सरळ आहे. शंभर ग्रॅम मैद्यात पंचाहत्तरेक ग्रॅम कर्बोदकं, तेवढ्याच फ्लॉवरमध्ये पाचेक. पण फ्लॉवरमध्ये ९२ टक्के पाणी असतं, हे सांगणारा पुढे येत नाही. आधी गड्डा मिठाच्या पाण्यात ठेवून अळ्यांना बाहेर यायची विनंती करायची. मग किसायचा, वाफवायचा, पंच्यात बांधून पिळायचा. हाताला कळ लागते, पाणी संपत नाही. अख्ख्या गड्ड्याचा शेवटी लाडवाएवढा गोळा उरतो आणि त्याला बेस म्हणायचं असतं. बदामाच्या पिठाचाही एक मार्ग आहे, पण तो बागायतदारांसाठी.

ओव्हनचं म्हणाल, तर आमच्याकडे गुरुवार दत्ताचा कमी आणि वीजदुरुस्तीचा जास्त. अर्धा भाजलेला फ्लॉवर अंधारात तसाच बसून राहतो.

मैद्यात ग्लुटेन असतं, ते सगळं धरून ठेवतं. फ्लॉवर कुणालाच धरून ठेवत नाही. ते काम अंड्याने आणि चीजने करायचं असतं, आणि दोघंही ते मन लावून करत नाहीत. तुकडा उचलला की टोक मान टाकतं, सिमला मिरची ताटात, चीज शर्टावर. मी आता चमच्याने खातो. चमच्याने खायच्या पदार्थाला आमच्याकडे भाजी म्हणतात, पण तसं बोलायची सोय नाही.

परवा कोथरूडचे पाहुणे आले. खाऊन म्हणाले, "फ्लॉवर आहे हे कळतसुद्धा नाही हो!" वास लिफ्टपर्यंत होता. मुलीने तेवढ्यात मोबाइलवरून खरा मागवला. भूगावच्या कोंडीतून वाट काढत तो आला, तेव्हा माझा दुसरा गड्डा अजून पंच्यात होता.

पिळलेलं पाणी सौ. फेकू देत नाही. सत्त्व त्यातच असतं म्हणे. ते आमटीत जातं. दुपारी दंड दुखेपर्यंत बाहेर काढलेलं सगळं रात्री वाटीतून माझ्याच पोटात.