भांडण नव्हे, तालीम!

"बाई, ओ बाई! जरा भिंतीपाशी या बरं. चहा मागून प्या."

काकूंनी अशी हाक मारली की समजायचं, बातमी ताजी आहे आणि पोटात मावेना झालीय. मी कपबशी हातात घेऊनच कंपाउंडच्या भिंतीपाशी गेले. पलीकडं काकू सूप घेऊन ज्वारी पाखडत बसल्या होत्या.

"त्या कोपऱ्यावरच्या घरात काय चाललंय, ठावं हाय का तुम्हाला? सूनबाई रोज रात्री दहाला सुरू होती. एकटीच बोलायली, एकटीच रडायली, मधीच हसायली. काल तर शेणाचं अन् दगडाचं काहीबाही चाललं होतं. मी ह्यांना म्हणलं, सासू-सुनेचं जुंपलं वाटतं!"

"अहो काकू, भांडण नव्हे ते, तालीम आहे. दहा मार्चला सावित्रीबाई फुल्यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये ती 'व्हय मी सावित्रीबाई' करणार आहे. एकटीच. एकपात्री."

"हात्तिच्या!" काकूंचा आवाज एकदम पडला. भांडण निघालं असतं तर चार दिवसांची सोय झाली असती. "मग सासू काय म्हणती?"

"सासूच 'चूक झाली, परत म्हण' असं म्हणतेय. वही घेऊन बसते ती समोर."

"बघा! अन् आपल्याला वाटतं सासू खाष्ट." ज्वारीतला खडा काढून काकूंनी भिंतीवर ठेवला. "नाटक हिनंच लिहिलं का?"

"नाही, सुषमा देशपांड्यांनी. 1989 सालापासून त्याचे प्रयोग होतायत. लिहिलं त्यांनीच आणि पहिल्यांदा सावित्रीबाई होऊन उभ्या राहिल्या त्याही त्याच. पुढं दुसऱ्या मुलींनीही केलं, हिंदीतही झालं. अहो, तुम्ही पाहिलंय त्यांना. 'अज्जी' सिनेमा आठवतो का? 2017चा."

"ती म्हातारी? नातीवर अत्याचार होतो अन् कोणी दाद देईना म्हणून खाटकाकडं जाऊन मांस कापायला शिकती, ती?" काकूंचं सूप थांबलं. "नातवानं मोबाइलवर लावून दिला होता. मी अर्ध्यातच बंद कर म्हणलं बाबा, रात्री झोप येईना. अशी नजर होती तिची! मग ही बाई नटी हाय का लेखिका?"

"दोन्ही. आणि दिग्दर्शिकासुद्धा."

"दोन्ही कामून? एक काम धड केलं तरी पुष्कळ झालं की."

आता मला खुमखुमी आली. चाळीशी ओलांडलेल्या नटीला नाटकात काय मिळतं, ते मी काकूंना विचारलं. "आई नाहीतर सासू," त्या पटकन म्हणाल्या, "अन् ती बी दुसऱ्या अंकात मरती." हेच तर! हौशी असो की धंदेवाईक, नटीनं वाट बघत बसायचं, कुणीतरी बरी भूमिका लिहील म्हणून. सुषमाताईंनी वाट बघितली नाही. जी बाई रंगमंचावर यायला हवी होती ती त्यांनी कागदावर उतरवली आणि मग आपणच तिच्या अंगात शिरल्या.

"पण सावित्रीबाईचं काय सांगायचं उरलंय? शाळेत लेकरं सांगतात की. लुगडं, शेणगोळे, संपली गोष्ट."

"तेवढंच सांगतात, हीच तर रड आहे. 1848ची भिड्यांच्या वाड्यातली शाळा सगळ्यांना पाठ. पण 1863 साली फुले नवरा-बायकोनं आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवलेल्या विधवांनी इथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, कुणी नाव विचारणार नाही. त्यातल्याच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढं डॉक्टर झाला. आणि 28 नोव्हेंबर 1890ला जोतिराव गेले तेव्हा टिटवं धरायचं कुणी, यावरून भाऊबंदांनी वाद घातला..."

"घालणारच! दत्तकाला भाऊबंद कधी सोडतेत?"

"तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि प्रेतयात्रेपुढं चालू लागल्या."

काकू काहीच बोलल्या नाहीत. मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "आमच्यात अजून बायांला स्मशानात येऊ देत नाहीत, बाई. अन् ती शंभर वर्षांआधी?"

"सव्वाशेच्या वर झाली. सात वर्षांनी, 1897च्या प्लेगात, आजारी पोराला पाठीवर टाकून यशवंतच्या दवाखान्यात नेलं, त्यातच त्यांनाही लागण झाली आणि त्या गेल्या. तीच ही दहा मार्च."

"मग हे कीर्तनातबी सांगता येतं. नाटकच कामून?"

"कीर्तनात बुवा सांगतात, 'तिनं असं केलं'. इथं बाई समोर येऊन 'मी असं केलं' म्हणते. तुमच्या डोळ्यात डोळे घालून."

काकूंना ते पटलं असावं, कारण त्यांनी पुढचा मुद्दा काढला. हे आपल्याकडं कसं काय येतं? पुण्या-मुंबईची नाटकं म्हणजे आपल्याला नांदेडच गाठावं लागतं, शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह. रात्रीची परत यायची गाडी नाही, की बायकांना एकट्यानं सोडायची घरच्यांची तयारी नाही. मी म्हटलं, गोम तिथंच आहे. मोठ्या नाटकाला सेटचा ट्रक लागतो, कलाकारांची बस, लाइटवाले, उतरायची सोय आणि तिकिटांची जोखीम घेणारा कॉन्ट्रॅक्टर. आपल्या वसमतचा हॉल बघून तो येईल कशाला? एकपात्रीला काय लागतं? एक लुगडं, एक बाई आणि ऐकणारी माणसं. म्हणून ते खेड्यात जातं, वस्तीत जातं, शाळेच्या ओट्यावर होतं.

"म्हणजे मोंढ्यात बी होईल?"

"होईल की. हळदीचा लिलाव थांबला तर!"

काकू खळखळून हसल्या. यंदा त्यांचीही हळद शिजवणीला आलीय, पण बाया मिळंनात, कढईवाला तारीख देईना, हे गाऱ्हाणं मी गेला आठवडाभर ऐकतेच आहे. ते परत सुरू व्हायच्या आत मी गाडी वळवली.

"आधीच्या काळात तर गंमतच होती काकू. बाईनं नाटक लिहायचं आणि त्यात बाई व्हायचं पुरुषानं. हिराबाई पेडणेकर म्हणून होत्या, सावंतवाडीकडच्या, कलावंतिणीच्या घराण्यातल्या. गाणं शिकलेल्या, वाचन दांडगं. त्यांचं 'संगीत दामिनी' 1912 साली ललितकलादर्श कंपनीनं रंगमंचावर आणलं."

"अन् तिनं काम केलं त्याच्यात?"

"कुठलं! कंपनीत सगळे पुरुषच. नायिकाही पुरुषच. तिनं लिहिलेली बाई एक गडी मुरडत मुरडत करायचा."

"अन् लिहिणारी कुठं बसायची?"

"तुमचा प्रश्न बिनतोड आहे. हिराबाई पुढं कोकणात पालशेतला राहिल्या, 1951 साली तिथंच गेल्या. मग वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावरून 'कस्तुरीमृग' लिहिलं. म्हणजे जिनं नाटकं लिहिली तीच नाटकाचा विषय झाली."

"म्हणजे मेल्यावर स्टेज मिळालं," काकू म्हणाल्या. त्यांच्या तोंडून अशी वाक्यं निघतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

मग मी ज्योत्स्ना भोळ्यांचं सांगितलं. 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' आलं. त्यात बायकांची कामं बायकांनी केली. गोव्याकडच्या ज्योत्स्नाबाई त्यात होत्या, पुढं 'कुलवधू'नं त्यांचं नाव घरोघर झालं. गाणं एवढं गाजलं की त्यांनी 'आराधना' नावाचं नाटक लिहिल्याचं कुणाला आठवत नाही.

"बाईचा गळा ध्यानात राहतो, अक्षर राहत नाही," असं म्हणून काकूंनी पुन्हा सूप उचललं. "अन् तुमच्या सुषमाबाईंनी आणखी काय लिहिलं? का एकाच नाटकावर भागवलं?"

"छे! 'तिच्या आईची गोष्ट' लिहिलं, तमाशातल्या बाईचं. आणि संत स्त्रियांवर 'बया दार उघड'."

"जनाबाई हाय का त्याच्यात? मग ती आपलीच की! गंगाखेड किती लांब हाय इथून? अन् ज्याच्या घरी राबली त्या नामदेवाचं नरसी तर आपल्याच जिल्ह्यात. जात्यावर बसून अभंग रचणारी बाई म्हणजे लेखिकाच झाली ना? अन् ती म्हणायची सुद्धा स्वतःच."

काकूंनी एका दमात सातशे वर्षं ओलांडली. मी पुढं सांगितलं की उर्मिला पवारांच्या 'आयदान' या आत्मकथेवर सुषमाताईंनी 2014 साली नाटक बसवलं. तीन मुली आलटून पालटून उर्मिलाताई होतात, त्यांची आई होतात, गावातल्या बाया होतात.

"आमच्या नातीनं अमेरिकेतल्या एकीचं सांगितलं होतं," मी जरा भाव खात म्हटलं. "अ‍ॅना डेव्हिअर स्मिथ. नटी आणि नाटककार. न्यूयॉर्कमध्ये 1991 साली एका वस्तीत काळ्या आणि ज्यू लोकांची दंगल झाली. ही टेपरेकॉर्डर घेऊन दोन्हीकडच्या माणसांना भेटली, त्यांचं बोलणं टिपलं आणि स्टेजवर एकटीच सगळ्यांच्या वतीनं बोलली. त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच लकबींत. आधी हे, मग ते."

"बहुरूप्यासारखं?"

"अगदी. फक्त घरोघरी जाऊन सोंग दाखवायच्या ऐवजी घरोघरी जाऊन माणसं ऐकून आलेली."

कोपऱ्यावरच्या घराचं फाटक वाजलं. सूनबाई डबा घेऊन निघाली होती, ओठ हलत होते. आम्हाला बघून लाजली आणि पुढं गेली. काकू तिच्याकडं टक लावून बघत राहिल्या. कालपर्यंत 'भांडकुदळ' होती ती.

"बाई, एक विचारू? हे नाटक कोणीबी करावं का? सावित्रीबाई तर सगळ्यांच्या."

"सावित्रीबाई सगळ्यांच्या, पण संहिता लेखिकेची. परवानगी काढावी लागते, मानधन पोचवावं लागतं. आपल्याकडं गॅदरिंगमध्ये कुणाचंही नाटक उचलतात, पत्रिकेवर लेखकाचं नावही नसतं. हिनं मात्र आधी परवानगीचं बघितलं, मग पाठांतराला बसली."

"शहाणी हाय. अन् हिला किती मिळणार? ते काय म्हणतेत... नाईट?"

"हिला? हिला शाल आणि श्रीफळ."

काकूंचा चेहरा बदलला. "हे नाही जमायचं. माझ्या रानात हळद काढायला बाई आली तर संध्याकाळी रोज घेऊन जाती. मी तिला नारळ देऊन वाटेला लावली तर उद्या येईल का? महिनाभर ही पोरगी राती जागून पाठ करायली. फुकट केलं की लोक हौस म्हणतेत, पाकीट दिलं की काम म्हणतेत."

"मग कोण देणार पाकीट? शाळेकडं पैसे नाहीत."

"भिशीतल्या बाया देतील. वीस जणी हाव आपण. लग्नात आहेराच्या साड्या फिरवतो, त्याच्यात कुठं कमी करतो? शुक्रवारी विषय काढते. एक पाकीट तिला, अन् त्या लिहिणाऱ्या बाईचंबी आधी बाजूला काढून ठेवायचं." सूप झटकत त्या उठल्या. "अन् तुम्ही भाषण करू नका बरं का तिथं आधी. लोक नाटक बघायला येतेत."