नवा पायंडा

रत्नागिरीत पेटी म्हटली की दोनच प्रकार: एक हापूसची, दुसरी वाजवायची. दोन्ही घरात असताना मुलीसाठी डिजिटल पियानो आणलात, ही पहिली चूक. त्याचं पेडल वेगळं विकत घ्यावं लागतं हे घरी आल्यावर कळलं, ही दुसरी. किंमत ऐकून "यात आहे काय एवढं?" म्हणालात, ही तिसरी. आता ते करून दाखवणं आलं.

आधी तत्त्व. अस्सल पियानोचं उजवं पेडल दाबलं की तारांवर टेकलेल्या नमद्याच्या गाद्या एकदम उचलल्या जातात आणि बोटं काढली तरी सूर घुमत राहतो. आपल्या पेटीवर बोट उचललं, सूर संपला. सावरकर नाट्यगृहात संगीत नाटकाच्या ऑर्गनवाल्याचे पाय सारखे हलताना पाहिले असतील, पण तो बिचारा भाता चालवत असतो. डिजिटल पियानोत ना तार, ना हवा. साधं पेडल म्हणजे निव्वळ स्विच. थोडक्यात, दारावरची बेल.

तर मेन स्विच बंद करून बेलचं बटण काढा, उघड्या वायरींवर टेप गुंडाळा. बटणाला दोन वायरी जोडा. एक पाव इंची मोनो जॅकच्या टोकाला, दुसरी बुडाला. वर बिजागरीने फळी. बिजागरी पलीकडच्या, म्हणजे चवड्यापुढच्या टोकाला लावायची. टाचेकडे लावलीत तर तो रिक्षाचा ब्रेक होतो. फळी हापूसच्या पेटीची नको. ती आंब्यांचं वजन सोसते, आठवीतल्या मुलीचा ताल नाही. माझी दुसऱ्याच दिवशी मोडली. माळ्यावर फणसाची असेल ती घ्या. फळीखाली जुन्या स्लिपरचा तुकडा ठेवा, नाहीतर बटणाचा चुरा होईल.

पेडल लादीवर सरकतं, ही खरी अडचण. आजी मोरळीवर बसते म्हणून मोरळी हलत नाही. पेडलवर बसता येत नाही. यावर उपाय, मागे जांभ्याचा अर्धा चिरा. दुकानातल्या पेडलला खाली रबर असतं, आपल्याला सह्याद्री आहे.

पियानो सुरू करताना पाय दूर ठेवा. त्या क्षणी पेडल जसं असेल तसं 'पाय वर' असं बरेच पियानो धरून चालतात. पाय आधीच ठेवलात तर पुढे सगळा उलटा कारभार. अर्धं दाबून अर्धा परिणाम मागू नका. बेल अर्धी वाजते का? आणि जुलैत खाऱ्या हवेने बटणातल्या पितळी पत्त्यांवर हिरवट थर चढला, की पॉलिश पेपर फिरवायचा.

आमच्याकडे आता येणारा माणूस खळ्यातूनच हाक मारतो. मुलगी बोटं उचलते, पाय तसाच ठेवून ओरडते, "बाबा, बघा कोण आलंय!"