मुक्रर वेळेची आग

14 एप्रिल उजाडला, की औद्योगिक वसाहतींतून अग्निशमन सेवा सप्ताहाचा सोहळा मोठ्या इतमामाने सुरू होतो. आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनच्या शिवारात, जेथे कालपरवापर्यंत कापूस व तूर उभी होती, तेथे ऑरिक या औद्योगिक नगरीच्या रुंद सडकांवरही हा शिरस्ता यथावकाश रुजेल, याविषयी आम्ही निःशंक आहोत. लोखंडी ट्रेमध्ये डिझेल ओतून त्यास रीतसर काडी लावावी, सुरक्षा अधिकाऱ्याने नळकांड्याची पिन उपसून ज्वाळा शमवाव्यात, टाळ्या व्हाव्यात, चहा व्हावा: इतकी वक्तशीर, आज्ञाधारक आणि छायाचित्रास अनुकूल आग अन्यत्र विरळा.

1944 साली याच तारखेस मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलेली आग एवढी सुसंस्कृत नव्हती. ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवर सुमारे 1400 टन स्फोटके आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या गाठी एकत्र नांदविण्याची अक्कल ज्यांनी खर्चिली, त्यांच्यापाशी निदान महायुद्धाची सबब होती. दुपारी धूर दिसल्यावर बोट जागीच बुडवावी की काय, याचा खल अधिकाऱ्यांत चालला असता चार वाजून सहा मिनिटांनी स्फोटानेच त्याचा निकाल लावला. अग्निशमन दलाचे 66 जवान त्या संहारात कामी आले. सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे, हे प्रत्येक वक्ता सांगतो. कापसाशेजारी दारूगोळा का होता, हा मुद्दा मात्र प्रसंगास गैरलागू समजण्यात येतो.

पुढे महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा अधिनियमाने आग विझविण्याची यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत, परवानाधारक संस्थेच्या सहीनिशी, सादर करण्याचे फर्मान काढले. दप्तराची सोय झाली. आगीने तेवढा मुलाहिजा बाळगला नाही. बिडकीनच्याच जिल्ह्यातील वाळूजच्या हातमोज्यांच्या कारखान्यात ती 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे, जानेवारीस एक दिवस उरला असता, कामगार आत झोपलेले असताना भडकली. काही जण छपरावर चढून शेजारच्या झाडाच्या आधाराने उतरले. सहा जणांना ते साधले नाही. त्या झाडापाशी कसलाही दाखला नव्हता, सहामाही तपासणी नव्हती, आणि त्याच्यापुढे मालाचे खोकेही कोणी रचले नव्हते.

तेव्हा बिडकीनच्या आराखडेकर्त्यांस आमचा नम्र अर्ज, की कारखान्यांभोवती शोभेचे पाम लावण्याचा विचार असल्यास तो तहकूब करावा. छपरापर्यंत पोचणारे, दणकट फांद्यांचे कडुनिंब लावावेत.