नव्याण्णव म्हणजे माहीत नाही

सरकारी रजिस्टरातला शेवटचा रकाना 'शेरा' हा असतो, आणि ज्याने जन्मभर रजिस्टरं लिहिली त्याला विचाराल तर खरं काम त्याच रकान्यात चालतं. नाव, गाव, वय, रक्कम हे रकाने कोणीही भरेल. पण 'सदर इसम घरी नाही, सोयरीक पाहायला किनवटला गेला आहे', 'वय अंदाजे', 'डावा अंगठा घेतला, उजव्याला पट्टी आहे' हे सगळं मांडायचं कुठे? शेऱ्यात. आदिलाबादेत मी पहाणीपत्रकांपासून हजेरीपटापर्यंत बरंच काही लिहिलं. कागदाने मला एकदाही उलट विचारलं नाही. निवृत्तीनंतर मात्र उलट विचारणारं भेटलं, तेही फुकट.

त्याचं असं झालं. भाचा कम्युनिटी मेडिसिनमध्ये एम.डी. करतो. उटनूर, इंद्रवेल्लीकडची गोंड-कोलामांची गावं आणि बेला-जैनथकडची मराठी गावं, अशी मिळून हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची पाहणी त्याने प्रबंधासाठी घेतली. भरलेल्या फॉर्मांचे गठ्ठे आमच्या माजघरात येऊन पडले. "मामाजी, एंट्री तुम्ही करा. सॉफ्टवेअर फुकट आहे," म्हणाला. फुकट म्हटल्यावर मी सवयीने पावती कशाची जोडायची ते विचारलं. तो हसला. मी विनोद केला नव्हता.

या फुकटपणाला चांगली परंपरा आहे म्हणे. अमेरिकेत रोगांच्या साथींमागे धावणारी सीडीसी नावाची सरकारी संस्था आहे. तिने १९८५ मध्ये 'एपी इन्फो' काढलं, डॉसवर चालणारं. फ्लॉपीवर उतरवून घ्या, दुसऱ्यालाही द्या, पैसे नकोत. पुढे विंडोज आलं, जुना साधेपणा मागे पडू लागला, तेव्हा डेन्मार्कमधल्या ओडेन्स गावच्या येन्स लाउरिट्सन या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्याचाच धडा गिरवत 'एपीडाटा' तयार केलं. ओडेन्स हे हान्स ख्रिश्चन अँडरसनचं जन्मगाव. ज्या गावाने जगाला परीकथा दिल्या, त्याच गावाने माणसाला गोष्ट सांगूच न देणारा प्रोग्राम द्यावा, याची मला गंमत वाटत आली आहे.

भाच्याने दिलेलं ते हेच एपीडाटा. सुरुवात मात्र सोपी निघाली, इतकी की माझा विश्वास बसेना. एक कोरी फाइल उघडायची आणि कागदावरचा फॉर्म जसाच्या तसा टाइप करायचा. प्रश्न लिहायचा आणि उत्तराच्या जागी आकडा हवा असेल तर तितक्या '#' या जाळीच्या खुणा द्यायच्या, अक्षरं हवी असतील तर अधोरेषा ओढायच्या. वयाला दोन जाळ्या, हिमोग्लोबिनला दोन जाळ्या, टिंब आणि आणखी एक जाळी. ही झाली प्रश्नांची फाइल. तिच्यावरून नोंदींची फाइल तयार होते, आणि तिसरी असते नियमांची. हा त्रिकूट कारभार मला लगेच पटला. आमच्याकडेही अर्ज वेगळा, नोंदवही वेगळी आणि परिपत्रक वेगळं. फरक इतकाच की इथे परिपत्रक खरोखर पाळलं जातं.

हिमोग्लोबिन २ ते २० च्या बाहेर घेऊ नकोस, एवढं त्या तिसऱ्या फाइलीत लिहून ठेवलं की झालं. टिंब विसरून १०.५ चं १०५ मारलं की कर्सर जागचा हलत नाही. चिडत नाही, साहेबाकडे तक्रार करत नाही, नुसता उभा राहतो. लिंग 'पुरुष' टाकलं की तो गरोदरपणाचे सगळे प्रश्न ओलांडून थेट पुढच्या पानावर जातो. ही उडी पाहून मला खरंच भरून आलं. कागदी फॉर्मांत आमच्या कर्तव्यदक्ष मंडळींनी साठीच्या आजोबांसमोर 'सध्या गरोदर आहे का? नाही' असं इमानाने लिहून ठेवलेलं मी पाहिलं आहे. नियम म्हणजे नियम.

खरी अडचण आली ती मोकळ्या चौकटींशी. माझ्या हिशेबाने मोकळी चौकट म्हणजे मोकळी चौकट. भाचा म्हणाला, "नाही मामाजी. विचारलं आणि 'नाही' म्हणाले, तर शून्य. विचारलं पण त्यांना माहीत नाही, तर ९. प्रश्न त्यांना लागूच नाही, तर ८. विचारायचंच राहून गेलं, तरच मोकळं." मी चष्मा पुसला. चाळीस वर्षं आम्ही या चारही गोष्टींसाठी एकच आडवी रेघ मारत आलो, आणि त्या रेघेवर बेरजा करून वर पाठवत आलो. आईच्या घरात कोणाला सिकलसेल होतं का, हे 'नव्हतं' आणि हे 'ठाऊक नाही', यांत एका लेकराच्या तपासणीचा फरक पडतो. ते मला लगेच कळलं. पण कौतुक मी मनातच ठेवलं. भाच्यांना फार डोक्यावर चढवू नये.

वयाच्या दोन जाळ्यांवर मात्र मी अडलो. 'माहीत नाही' म्हणजे ९९, असं त्याने ठरवलं होतं. मी म्हटलं, बापू, हा आदिलाबाद जिल्हा आहे. इथे नातवंडं आजोबांना शंभरीच्या पलीकडचं सांगतात आणि आजोबा मान डोलावतात. उद्या कोणी खरंच नव्याण्णवचा निघाला, तर तो तुझ्या प्रबंधात वय नसलेला होईल. त्याने गुपचूप तिसरी जाळी वाढवली. आता ९९९ म्हणजे माहीत नाही. इतकी वर्षं जगायचं अजून कोणी मनावर घेतलेलं नाही.

तशी नेमकी वयं सांगणारे आहेतच कुठे? एका म्हातारीला वय विचारलं तर म्हणाली, "आता तुम्हीच पाहा ना बाप्पा. रझाकार आले तवा मी मायच्या कडेवर होती." हे उत्तर जाळीत बसत नाही, पण दाखल्यावरच्या कितीतरी तारखांपेक्षा भरवशाचं आहे. निजामाचं राज्य १७ सप्टेंबर १९४८ ला संपलं, त्याच्या जरा आधी कडेवर, म्हणजे जन्म १९४६-४७ चा धरायला हरकत नाही. पाहणीवाले अशा घटनांचं एक कॅलेंडरच सोबत नेतात. कोमराम भीम जोडेघाटला पडले ते १९४०, मोठा दुष्काळ १९७२. बाकी मंडळी चाळीस, पंचेचाळीस, पन्नास अशी टप्प्याटप्प्याने म्हातारी होतात. या सवयीचंही माप काढून ठेवलेलं आहे. त्याला व्हिपल निर्देशांक म्हणतात. २३ ते ६२ वयाचे लोक घ्यायचे आणि शून्य-पाचवर संपणारी वयं त्यांत किती ते पाहायचं. कोणी कुठल्या आकड्याकडे झुकलं नसेल तर उत्तर येतं १००, सगळेच झुकले असतील तर ५००. आमच्या गठ्ठ्याचा निर्देशांक भाच्याने मला सांगितला नाही. मीही विचारला नाही.

जिल्ह्याचा रकाना म्हणाल तर तो एक वेगळाच तमाशा. त्याच म्हातारीचं घर निजामाच्या राज्यात होतं, १९५६ ला आंध्र प्रदेशात गेलं, २०१४ ला तेलंगणात आलं, आणि ती अंगणातून हललीही नाही. ११ ऑक्टोबर २०१६ ला आमच्या एका जिल्ह्याचे चार झाले. दवाखान्याच्या जुन्या कागदावर आसिफाबादचा माणूस आदिलाबाद जिल्ह्याचा आहे, नव्यावर नाही. केरामेरी आणि जिवती यांच्या मधली काही गावं तर तेलंगणा आणि महाराष्ट्र, दोघंही आपली म्हणतात, आणि तिथल्या लोकांची नावं दोन्हीकडच्या मतदारयादीत आहेत. सुदैवाने ती आमच्या पाहणीत नव्हती. असती तर कर्सर अजून तिथेच उभा असता. गावांची नावं इंग्रजीत कशी लिहायची, यावर घरात दोन संध्याकाळी गेल्या. जैनथला शेवटी 'डी' की 'टीएच', उटनूरला एक 'यू' की दोन 'ओ'? स्पेलिंग बदललं की कॉम्प्युटर दुसरं गाव समजतो. शेवटी गावांना नंबर दिले. माणसांनाही नंबरच, नावांची यादी भाच्याकडे वेगळ्या कुलपात. नाव नसलेल्या माणसाची नोंद करताना माझा हात सुरुवातीला चालेना, पण कोणाच्या रक्तात काय आहे हे गावभर व्हायला नको, हेही खरं.

शेऱ्यासाठी मी भांडलो. भाच्याचं म्हणणं, मोकळ्या मजकुराची टक्केवारी निघत नाही. माझं म्हणणं, जिची टक्केवारी निघत नाही अशी गोष्टही घडते. अखेर एका ओळीची जागा मिळाली. तीत मी लिहिलेलं, उदाहरणार्थ: 'रक्त द्यायला तयार, पण नागोबाची जत्रा झाल्यावर.' दुसरा: 'मशीनची बॅटरी संपली, उत्तर शेजारणीने दिले.' हा दुसरा शेरा वाचून भाच्याने त्या गावचे फॉर्म परत तपासायला पाठवले. तेव्हापासून तो रकाना कोणी काढा म्हणालेलं नाही.

मग आली दुबार एंट्री. तेच फॉर्म दोघांनी एकमेकांचं न बघता भरायचे आणि प्रोग्रामने दोन्ही फाइली ताडून फरकांची यादी काढायची. माझ्या जोडीला शेजाऱ्यांची मुलगी आली, तेलुगू माध्यमातून बी.एस्सी. झालेली. बोटं माझ्या दुप्पट वेगाने चालतात. यादी निघाली तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. बेल्याकडच्या एका आशाताईंच्या फॉर्मांत बायकांना माझ्या लेखी एक-एक मूल होतं आणि तिच्या लेखी नऊ-नऊ. कागद काढून दोघं खिडकीशी बसलो. आशाताईंनी आकडे मराठीत लिहिलेले. वरचा वाटोळा गोळा आणि खाली ओढलेली शेपटी, हा मराठी एक. इंग्रजी नऊ याहून वेगळा काय दिसतो? "अंकल, ये तो नाइन है ना?" ती म्हणाली, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. हिमोग्लोबिनच्या '११' चे तिने ९९ केले होते, तिथे प्रोग्रामने अडवलं आणि तिने मला विचारून सुधारलं. पण नऊ मुलं? नऊ मुलं नियमात बसतात. आणि ज्या प्रश्नांत ९ म्हणजे 'माहीत नाही' ठरलेलं, तिथे तर 'होय, एक' असं ठणकावून सांगणाऱ्या बायका तिच्या फाइलीत गोंधळून गप्प बसलेल्या. एकट्या मशीनला हे कधीच कळलं नसतं. ते दोघांच्या न जुळण्यातून बाहेर आलं.

पुढच्या गठ्ठ्याच्या फॉर्मांवर भाच्याने मराठी, तेलुगू दोन्हीत ठळक छापून घेतलं की आकडे इंग्रजीतच लिहावेत. आशाताई जरा रुसल्या, "आमचे आकडे काय वाईट हायेत का?" म्हणून. पण त्यांनी लिहिले, सुंदर लिहिले, प्रत्येक आकडा चौकटीच्या बरोबर मधोमध. त्या गठ्ठ्यात आमच्या दोघांच्या फाइली जवळजवळ तंतोतंत जुळल्या आणि प्रोग्रामने एकदाही अडवलं नाही. वयं होती ३०, ३५, ४०, ४०, ४५, ५०, ६०, ६०.