नानांची प्लेसमेंट

नाना 2021 च्या मार्चअखेर बँकेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांचा बंडू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेला. निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल रविवारच्या पुरवण्यांत बरंच छापून येतं. बागकाम करावं, ज्येष्ठ नागरिक संघात जावं, ज्ञानेश्वरी लावावी. नानांवर यातली कुठलीच पाळी आली नाही. त्यांनी बंडूची नोकरी अंगावर घेतली. म्हणजे शोधत बंडूच होता. नाना जाहीर करत होते. बंडूला नोकरी एकदा लागली की पुरे होतं. नानांना ती रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर नव्याने लागायला हवी होती.

सहकारनगरच्या आमच्या सोसायटीत नानांना टाळणं अवघड. लिफ्टचं दार बंद होताना फटीत एक काळी सँडल शिरते. दार उघडतं. नाना आत येत नाहीत, दार पायाने धरून बाहेरच उभे राहतात आणि खर्जात विचारतात, “काही कळलं का?”

आपल्या पोटात गोळा येतो. कोण गेलं? सी विंगच्या आजी?

“बंडूने ॲप्टी काढली.”

ॲप्टी म्हणजे ॲप्टिट्यूडची परीक्षा. कॅम्पसला येणारी कंपनी आधी ही चाळणी लावते. गणित, इंग्रजी, तर्क आणि थोडं कोडिंग. नानांचा जीव गणिताच्या भागावर. त्यांनी स्वतः 1984 साली बीएसआरबीची परीक्षा देऊन बँकेत प्रवेश मिळवला होता. बंडूच्या सरावाच्या पुस्तकात त्यांना तेच दोन नळ भेटले, तोच हौद भेटला, तीच आगगाडी त्याच पुलावरून जाताना दिसली. “अडतीस वर्षं होत आली, हौद अजून भरलेला नाही,” नाना सांगायचे आणि तोंडी उत्तर काढून दाखवायचे. उत्तर बरोबर असायचं. त्यामुळे नोकरी मिळणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. कुणाला मिळणार एवढंच जरा धूसर होतं.

मुलाखती ऑनलाइन होत्या, म्हणजे घरातच. हा नानांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. तांत्रिक फेरीच्या आदल्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर निवेदन आलं: ‘उद्या दुपारी दोन ते तीन या वेळेत बी विंगमध्ये कोणीही ड्रिलिंग करू नये, ही नम्र विनंती. कारण यथावकाश कळवण्यात येईल.’ कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वाजता नानांच्या घरात कुकर लावायला बंदी, पंख्याला बंदी (तो कुरकुरतो), नानांच्या खोकल्याला बंदी. स्वतः नाना बंद दाराला कान लावून एका स्टुलावर. बंडूला डेटाबेसमधलं नॉर्मलायझेशन विचारलं, तेव्हा नानांनी दाराबाहेरून मान डोलावली म्हणतात. ती कशाला डोलावली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मग एच.आर. फेरीत नेहमीचा प्रश्न आला, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? नानांना वाटलं, याचं उत्तर ‘याच खुर्चीत’ असं द्यायला हवं होतं. बँकेत त्यांनी तेच केलं होतं.

निवड झाली. 2021 चं ते साल असं होतं की कंपन्या मुलं वेचून नाही, झोळी भरून नेत होत्या. ऑफिसं बंद, सगळं जग ऑनलाइन, संगणकाच्या कामाला महापूर. पण नानांच्या मते कंपनीने इतकी माणसं बंडूच्या सोबतीला घेतली.

आता पेढ्यांबद्दल सांगायला हवं. कॉलेजच्या यादीत नाव आलं त्या संध्याकाळी नाना अर्ध्या किलोचा पुडा घेऊन घरोघर फिरले. पंधरा दिवसांनी कंपनीचं इरादापत्र आलं, म्हणजे ‘घेण्याचा विचार आहे’ असं सांगणारं पत्र. पुन्हा पेढे, या वेळी पाव किलो, अर्धा अर्धा करून. मग खरं ऑफर लेटर आलं. पेढा आता नखाएवढा झाला होता, पण आला. एकाच नोकरीचे तीनदा पेढे खाल्लेली आमची बहुधा पहिलीच सोसायटी असावी. आणि अजून जॉइनिंग व्हायचं होतं.

“पॅकेज किती?” हा प्रश्न कुणीतरी विचारेपर्यंत नाना हलायचे नाहीत. विचारला की म्हणायचे, “पैशांचं काय घेऊन बसलात! तरी आहे आपलं, चारच्या घरात.” चारच्या घरात म्हणजे तीन लाख साठ हजार. मोठ्या आयटी कंपन्यांमध्ये दहा-बारा वर्षांपूर्वी नवख्या इंजिनिअरला तीन-सव्वातीन लाख मिळायचे. तेव्हापासून कॉलेजची फी कुठल्या कुठे गेली, कोथरूडच्या फ्लॅटचे भाव कुठल्या कुठे गेले, पण नवख्याचा पगार साडेतीनच्या आसपास वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा उभाच आहे. हे नानांना माहीत होतं. शेवटी बँकेतला माणूस. एकदा मीच त्यांच्या हातात लिफाफा पाहिला, पाठीमागे पेन्सिलीचं गणित. महिन्याचे तीस हजार. त्यातून कंपनीचा भविष्य निर्वाह निधी 1,800, बंडूचा 1,800. कंपनीने ग्रॅच्युइटीही पॅकेजमध्ये धरलेली, जी पाच वर्षं टिकला तर मिळणार. विम्याचा हप्ता. कामगिरीवर अवलंबून असणारा भाग, म्हणजे कंपनीच्या मर्जीवर असणारा भाग. महाराष्ट्र शासनाचा व्यवसाय कर दरमहा 200, फेब्रुवारीत 300. खाली दुहेरी रेघ मारून आकडा: चोवीस हजार आणि काही. नानांनी लिफाफा घडी करून खिशात टाकला. “सीटीसीच सांगायचं असतं,” ते म्हणाले. “हातात किती येतात ते बायकोलासुद्धा सांगू नये.”

बातमीच्या या बाजारात नाना एकटे नव्हते. ए विंगच्या काकूंची मुलगी एम.एस. करायला टेक्सासला. काकूंचा मुक्काम सहकारनगरात, घड्याळ मात्र तिकडचं. सकाळी आठला भेटल्या तर म्हणणार, “आत्ता आमच्याकडे रात्र झाली.” अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा त्यांना तिथल्या वकिलाइतका येतो. शिक्षण संपल्यावर कामाला बारा महिने, विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर वर आणखी चोवीस, मग एच-वन-बीची सोडत. जागा 85 हजार. 2023 च्या सोडतीला अर्ज आले साडेसात लाखांच्या वर. काकू हे आकडे असे सांगायच्या की मुलीचा नंबर लागला नाही तरी मान राहावा आणि लागला तर आभाळ ठेंगणं व्हावं. नाना त्यांच्यापुढे जरा दबकून असायचे. डॉलरपुढे चारच्या घराची डाळ शिजत नाही. एकदाच त्यांनी उलटवार केला. “वहिनी, सोडतीने मिळते ती म्हाडाची जागा. नोकरी नव्हे.” काकू आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. दोन्ही वेळांनुसार.

तिसरे होते डी विंगचे दादा. त्यांचा मुलगा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत, एमपीएससी. दादांची बातमी वर्षानुवर्षं एकाच शब्दाची: “चालू.” मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरलं, मुलं पुण्यात रस्त्यावर बसली, आणि 2023 च्या सुरुवातीला तो बदल 2025 पर्यंत पुढे ढकलला गेला. त्या दिवशी दादांनी भाषण केलं. “पॅटर्न,” ते म्हणाले. आणि पुढे चालू लागले. टेकडीवर मला सगळ्यात जास्त आवडायचे ते दादा.

2022 च्या उन्हाळ्यात बंडू पदवीधर झाला. जॉइनिंगची तारीख ‘लवकरच’ होती. ऑगस्ट गेला, दिवाळी गेली. तिकडे अमेरिकेत व्याजदर चढले, कंपन्यांच्या कामाचा पूर ओसरला आणि झोळीतल्या मुलांचं काय करायचं हे झोळीवाल्यांना कळेना. देशभर हजारो मुलं हातात ऑफर लेटर घेऊन घरी बसली. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. नानांनी ते अंक रद्दीत घातले.

आणि नानांच्या बातम्यांची जात बदलली. सुरुवातीला ते म्हणायचे, “बॅचेस पाडल्यात, आपली पुढची आहे.” मग, “प्रोजेक्ट अलोकेशन चाललंय.” मग कुणी विचारायच्या आत नानाच विषय हिंजवडीच्या मेट्रोवर नेऊ लागले. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 साली पाडला, तिथून पुढे नुकते खांब उभे राहत होते. “घाई काय आहे? मेट्रो झाली की बंडू आरामात जाईल,” नाना म्हणायचे. पुण्यात खोदकामाचा असा भावनिक उपयोग मी दुसऱ्या कुणी केलेला पाहिला नाही. पुढे त्यांनी टेकडीवर येण्याची वेळही बदलली, साडेसहाची साडेपाच केली. अंधारात ओळख पटत नाही.

या काळात नानांच्या पत्नी भेटायच्या त्या भाजीवाल्याकडे. त्या बातमी देत नसत. खरं तर सगळ्या बातम्या त्यांच्याकडेच होत्या. नानांना घरातून मिळायचा तो तयार माल; बंडू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रात्री साडेअकराला जे बोलायचा, ते वेगळंच. तांत्रिक फेरीत एका प्रश्नाला तो मिनिटभर गप्प बसला होता. चार मित्रांनी तोवर दुसरीकडे दहा-बारा हजारांवर काम धरलं होतं. एक तर एमबीएच्या क्लासला बसला होता, कारण घरी ‘काय करतोस’ याला उत्तर तरी मिळतं. बंडूच्या आईने हे मला कधी सरळ सांगितलं नाही. फक्त एकदा, मेथी निवडून घेताना म्हणाल्या, “यांना म्हणावं, जरा कमी सांगा लोकांना. त्याला खाली उतरायला नको वाटतं.” आणि लगेच मेथीवाल्याकडे वळून, “जुडी एवढीशी आणि पंचवीस?”

मी नानांना सांगून पाहिलं. नाना म्हणाले, “अहो, मी सांगितलं नाही तर लोकांना वाटेल काहीतरी गडबड आहे.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या सोसायटीला खरोखरच तसं वाटलं असतं.

मग पोस्टकार्ड प्रकरण झालं. त्याचं मूळ 1974 मधलं. सुधा मूर्ती तेव्हा सुधा कुलकर्णी. टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं पाहून त्यांनी थेट जेआरडी टाटांना एक पोस्टकार्ड टाकलं. त्यांना मुलाखतीला बोलावलं, तेही आपल्या पुण्यातच, आणि नोकरी मिळाली. ही गोष्ट नानांच्या नेहमीच्या संग्रहातली. दुसरी म्हणजे 1981 मध्ये पुण्यात दहा हजार रुपयांवर इन्फोसिस सुरू झाली ती. पॅकेज लहान वाटलं की ही काढायची. पण आता त्यांना पहिल्या गोष्टीत कृतीचा कार्यक्रम दिसला. “ईमेल रोज लाखो येतात. कार्ड कोण पाठवतं? उठून दिसतं.” पोस्टातून पन्नास पैशांची दहा कार्डं आणली. बंडूने साफ नकार दिला. तेव्हा नानांनी स्वतःच, बँकेच्या लेजरमधल्या त्या उभ्या अक्षरात, कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांना लिहिलं: ‘माझ्या मुलाची आपण निवड केली आहे. त्यास बोलावण्याचे नजरचुकीने राहिले असावे.’

कार्डाला उत्तर आलं नाही. महिनाभराने बंडूला जॉइनिंगची ईमेल आली, त्याच्यासारख्या शेकडो जणांना आली तशीच. नाना अजूनही मानतात की त्या शेकडो घरांनी त्यांच्या पन्नास पैशांचे आभार मानायला हवेत. चौथ्यांदा पेढे झाले आणि या वेळी, हे नोंदवलंच पाहिजे, पेढा पुन्हा पूर्ण आकाराचा होता.

बंडू हिंजवडीला जाऊ लागला. नाना साडेसहाला टेकडीवर दिसू लागले. पण बंडू तिथे नेमकं काय करतो असं विचारलं की गाडी अडायची. “बँकिंग डोमेन,” ते म्हणायचे. “थोडक्यात माझंच काम. फक्त कॉम्प्युटरवर.” बंडू एका परदेशी बँकेच्या ॲपमधलं एक बटण तपासायचा, दाबलं की दाबलं जातं का ते. नानांनी या बटणाचं वर्णन ‘अख्खी सिस्टिम’ असं केलं.

वर्षभर काही घडलं नाही. नाना ओढलेले दिसू लागले. नोकरी लागलेल्या मुलाची रोज काय बातमी द्यायची? अप्रेझल होतं, पण त्यात निघालेली वाढ सांगण्यासारखी नव्हती. मध्यंतरी काकूंच्या मुलीचा सोडतीत नंबर लागला आणि काकूंनी टेकडीवर चक्क दोन डबे चकल्या आणल्या. नानांनी एक घेतली आणि हातातच धरून ठेवली.

गेल्या महिन्यात लिफ्टच्या फटीत ती काळी सँडल आली.

“काही कळलं का?”

नानांच्या हातात पुडा होता. पाठीमागून ए विंगच्या काकूही आल्या. बंडूने राजीनामा दिला होता. बँकेत छत्तीस वर्षं एकाच शिक्क्याखाली काढलेल्या नानांना, माझ्या अंदाजाने, हे ऐकून घाम फुटला असणार. पण चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता. “नव्वद दिवसांची नोटीस. मॅनेजर हातापाया पडतोय. हा ऐकत नाही.”

काकूंनी पेढा उचलला, निरखला आणि विचारलं, “हे नव्या नोकरीचे का, नाना?”

“छे. हे राजीनाम्याचे. नव्याचे गुरुवारी, सीटीसी पक्का झाला की.”