धरला आणि सोडला

कोकणात मासा मिळवायचा सोपा मार्ग बाजारातून जातो. पिशवी घ्यावी, टोपलीपुढे उकिडवे बसावे, कल्ला उघडून बघावा, भाव ऐकून दचकावे आणि मासेवाली म्हणेल तेच शेवटी द्यावे. पाव तासात काम फत्ते. तरीही काही माणसे महागडा रॉड खांद्यावर टाकून पहाटे खाडीच्या मुखाशी जातात, दुपारी भाजलेल्या नाकाने परततात आणि चुकून मासा लागलाच, तर तोही परत पाण्यात सोडून येतात. या माणसांबद्दल मला आदर आहे. आमच्या घरात तो फक्त मलाच आहे.

धक्क्यावर गरवायला बसणाऱ्या जुन्या काकांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे रॉड नाही की रीळ नाही. प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस, टोकाला शिसे, गरी आणि गरीला कोलंबी. तंगूस तर्जनीवरून सोडलेली असते आणि सगळे लक्ष त्या एका पेरावर. गप्पा चालू, विडी चालू, पण बोट कामावर हजर. बारीक टिचक्या लागल्या की काका पुटपुटतात, केंड आला. हा फुगीर गृहस्थ कोलंबी तर खातोच, वर दातांनी तंगूसही कातरून जातो. गोबरा असेल तर आमिष तोंडात घेऊन थेट कपारीत शिरतो आणि तिथे असा ठाण मांडतो, की ओढणाऱ्याने एक तर तंगूस तोडावी किंवा घरी जावे. काकांना मात्र मासा खायचा असतो, त्यामुळे त्यांच्या छंदाला घरातून आक्षेप नसतो.

आक्षेप येतो तो खेळ म्हणून मासे धरणाऱ्यांवर. खोल पाण्यात हा खेळ आणखी थाटाचा. होडी संथ चालते, मागे खोटे मासे फरफटत येतात आणि सुरमईने झेप घातली की रीळ किंचाळते. सुरमईचे दात असे, की गरीच्या आधी तारेचा तुकडा जोडावा लागतो, नाहीतर खोटा मासा तिला आंदण. होडी दुसऱ्याची, जागा दुसऱ्याने शोधलेली, आमिष दुसऱ्याने बांधलेले, पण मासा एकदा लागला की रॉडला बोट लावायचे ते एकट्या खेळाडूने. १९३९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनचा तसा नियमच आहे. दुसऱ्याचा हात लागला तर विक्रम बाद. कोळी पिढ्यान्‌पिढ्या काम सोपे करत आला, या मंडळींनी तेच काम अवघड करायला संस्था काढली. संस्थेच्या नोंदीतला काळा मार्लिन १९५३ साली पेरूच्या काबो ब्लँको इथे रॉडवर धरलेला आहे. वजन १५६० पौंड, म्हणजे सातशे किलोंच्या वर. आमच्याकडे ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, तुकड्या किती पडल्या असतील?

आमच्या आत्येचा प्रश्न त्याहून रोखठोक होता. मासा सोडला असे ऐकल्यावर ती म्हणाली, “सोडलंस? मगे धरलंस कित्याक?”

या प्रश्नाला तत्त्वज्ञानाने उत्तर देता येत नाही. मी तिला फक्त रीत सांगितली. गरीचा काटा आधीच पकडीने दाबून टाकायचा, म्हणजे ती अलगद निघते. कोरड्या हाताने माशाला शिवायचे नाही, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचे चिलखत. दमलेला मासा पाण्यात फेकायचा नाही. पोटाखाली हात धरून, तोंड प्रवाहाकडे करून उभे राहायचे. कल्ले हलू लागतात, शेपटी एकदा तळहातावर आपटते आणि हात रिकामा होतो. फार खोलातून वर ओढलेल्या गोबऱ्याला हा सोपस्कार उपयोगी नाही. वर येता येता त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि त्याला खाली जाता येत नाही. त्याला घरी आणावे. आत्येला एवढा भाग पटला.

राहिला जिताडा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात. हा खाडीतल्या खेळाचा राजा, पण राजा तरुणपणापुरताच. जिताडा आधी नर असतो आणि अंगाने मोठा झाला की मादी होतो. म्हणजे फोटोसाठी ज्याला छातीशी धरून आपण मिशीवर ताव देतो, ती बहुधा लाखो अंडी घालणारी बाई असते. तिला सोडण्यात खाडीचा फायदा आहेच, पण सोडणाऱ्याचाही आहे. ताटात आलेल्या माशाचे माप सगळ्यांना दिसते आणि काटे उरले की त्याची गोष्ट संपते. शिवाय रिकाम्या पिशवीने घरी यायला पूर्वी कारण लागत असे, आता त्याला तत्त्व म्हणतात.

मी सोडलेला जिताडा खाडीत आता केवढा झाला असेल, ते सांगता येत नाही. आमच्या पडवीत मात्र तो वर्षाला किलोभर वाढतो. त्यातही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात, बाहेर पाऊस आणि आत चहा असतो. त्या दोन महिन्यांत त्याची वाढ सर्वांत झपाट्याने होते.